मे महिन्यात हॉल रिकामा असतो

"ताई, जेसीबीला झोप येती का?"

हा प्रश्न मला गेल्या मे महिन्यात, आपल्या मेसमध्ये, दुपारी पावणेतीन वाजता विचारण्यात आला. विचारणारा साधारण आठ वर्षांचा. डाव्या पायात निळी चप्पल, उजव्या पायात काळी. दोन वर्षं इंजिनिअरिंगला घालवली, थर्मो एकदा राहिला, एकदा निघाला, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच युनिटमध्ये नव्हतं. मी आपलं ठोकून दिलं, "येत असेल. दिवसभर खणतो ना!" त्यावर तो म्हणाला, "मग त्याला उठवतं कोण?"

आणि आमचं नाटक सुरू झालं.

पण थांबा, आधी थोडं मागे जाते. मॅगझीनच्या मराठी विभागात मी लिहितेय हे पाहून माझ्या रूममेट्सना जो शॉक बसणार आहे, त्याचा बंदोबस्त करायला हवा. मी पक्की कॉन्व्हेंटवाली. आमच्या शाळेत आवारात मराठी बोललं की एक रुपया दंड असे. त्यामुळे मधल्या सुट्टीत आम्ही एकतर इंग्रजी बोलायचो किंवा खुणा करायचो. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझी आजही गल्लत होते. कँटीनच्या काकांना मी "सिक्स्टी नाईन ना?" असं विचारून खात्री करून घेते आणि ते दरवेळी हसतात. घरात मराठी होतं, पण ते "आई, माझं कंपास बॉक्स कुठेय" एवढ्यापुरतं. वाचायचं म्हणाल तर बसची पाटी.

सहावीच्या सुट्टीत आईने मला ठाण्याला आमच्या घराजवळच्या एका बालनाट्य शिबिरात घातलं. हेतू काही उदात्त नव्हता. संध्याकाळी मी टीव्हीपुढून हलत नव्हते आणि शिबीर चालत दहा मिनिटांवर होतं, इतकंच! जागा म्हणजे पालिकेच्या शाळेतला एक वर्ग. बाकं भिंतीला लावलेली, वर दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. शिकवणारा दादा नोकरीवरून सुटून थेट तिथे यायचा, डब्याची पिशवी खिडकीत अडकवायचा आणि आमच्यावर ओरडायला लागायचा. त्याने संहितेच्या झेरॉक्स वाटल्या. मी घरी जाऊन माझे सगळे संवाद इंग्रजी लिपीत लिहून आणले. सगळे म्हणजे पाच. मी दासी होते. "महाराणी, प्रजा व्याकूळ झाली आहे" हे वाक्य मी "प्रजा व्याकुल जाली आहे" असं म्हटलं तेव्हा प्रजा खरोखरच व्याकूळ झाली होती.

राणी होती आमच्या सोसायटीच्या गेटवर इस्त्रीची टपरी लावणाऱ्या काकांची मुलगी. त्याच पालिकेच्या शाळेत शिकणारी. रोज आमचे कपडे घेऊन वर यायची आणि चार वर्षांत मी तिच्याशी एक वाक्य बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो, बोलायचं कशाला असंच. शिबिरात मात्र मला 'ळ' आणि 'झ' तिनेच शिकवले. जिन्यात बसून, प्रत्येक चुकीला डोक्यात टपली मारून.

आता खरी गंमत. तिला फी माफ होती आणि ती राणी, माझी पूर्ण फी भरलेली आणि मी दासी. हे आईला कळलं आणि आई दादाला भेटायला आली! (आई, तू हे वाचशील तेव्हा रागावू नकोस. मी तुला विचारूनच लिहितेय असं समज.) दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तुमचीचा जात नाही. पुढच्या वर्षीपर्यंत जाईल." आई घरी येऊन दोन दिवस धुसफुसत होती. प्रयोगाला मात्र आली आणि तिसऱ्या रांगेत इस्त्रीवाल्या काकूंच्या शेजारी बसली, कारण दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. दोघींना कोणाच्या मुलीने किती वेळा चूक केली यावर बोलायला विषय मिळाला. ती राणी आता नर्सिंग करतेय हे मला आईकडूनच कळलं.

माझं म्हणणं या एका खुर्चीपासून सुरू होतं. बालनाट्य म्हटलं की आपण लगेच मुलांना काय मिळतं ते मोजायला बसतो. स्टेज डेअरिंग, उच्चार, आत्मविश्वास, वगैरे वगैरे. ते मिळतंच. पण एका मोहल्ल्यात, एका कॉलनीत राहणारी, एकमेकांना रोज बघणारी आणि कधीच न बोलणारी माणसं दीड तास शेजारी बसतात, हे दुसऱ्या कशाने होतं ते मला सांगा. गणपतीत होतं म्हणाल, तर तिथेही वर्गणी किती यावर पहिली रांग ठरते. आणि यासाठी लागतं काय? एक रिकामी खोली आणि संध्याकाळ फुकट घालवायला तयार असलेला एखादा मोठा माणूस. नेपथ्य, लाईट्स, मेकअप हे सगळं नंतर.

हे मी हवेत बोलत नाही. मराठी बालरंगभूमीचा इतिहास काढून बघा, प्रत्येक मोठ्या नावामागे कुणीतरी दिलेली जागा सापडते. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'मधुमंजिरी' आणलं, 'लिटल थिएटर' उभं राहिलं, त्यामागे गिरगावातला मुंबई मराठी साहित्य संघ होता. मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी घाईघाईत बसवलेलं काहीतरी, ही समजूत तिथे मोडली. मुलांसाठीसुद्धा नीट सजवलेलं, तिकीट लावून बघायचं नाटक असू शकतं हे लोकांना कळलं. रत्नाकर मतकरींनी १९६२ मध्ये 'बालनाट्य' ही संस्था काढली तेव्हा ते बँक ऑफ इंडियात नोकरीला होते, आणि ती नोकरी १९७८ पर्यंत चालू होती. म्हणजे 'अलबत्या गलबत्या'मधली ती चेटकीण, जी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि जिने आपल्या आईवडिलांच्या पिढीला घाबरवून सोडलं, ती एका बँकेतल्या माणसाच्या सुट्टीच्या वेळातून जन्मली. (२०१८ मध्ये ते नाटक पुन्हा आलं आणि पुन्हा हाऊसफुल्ल चाललं. चिंची चेटकीण रिटायर होत नाही.)

सगळ्यात आवडती गोष्ट मला छबिलदासची वाटते. दादरच्या छबिलदास शाळेत सुलभा देशपांडे शिक्षिका होत्या. त्यांनी, अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' काढली. पुढे १९७४ पासून त्याच शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग व्हायला लागले, आणि आज ज्याला सगळे 'छबिलदास चळवळ' म्हणतात ती उभी राहिली. जरा विचार करा, एका अख्ख्या चळवळीला नाव मिळालं ते कुठल्या नटाचं नाही, नाटककाराचं नाही, हॉल देणाऱ्या शाळेचं! मुलांसाठी आविष्कारची 'चंद्रशाला' होती. 'दुर्गा झाली गौरी' हे तिचं नाटक पिढ्यान्‌पिढ्या होत राहिलं. त्यात स्टेजवर मुलांची एवढी गर्दी असते की प्रत्येकाचे आईबाबा आले तरी अर्धं थिएटर भरावं. छबिलदास सुटल्यावर आविष्कारने आसरा घेतला तो माहीमच्या महापालिकेच्या शाळेत. पुन्हा शाळा, पुन्हा रिकामे वर्ग.

पुण्याचं 'ग्रिप्स' याहून वेगळं. डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरचा प्रकार थिएटर अॅकॅडमीतर्फे मराठीत आणला. त्यात पऱ्या नाहीत, राक्षस नाहीत. आईबाबांची भांडणं, शेजारचा खडूस काका, मोठ्यांचं न ऐकणं असले घरचे विषय. आणि मुलांची कामं मोठी माणसं करतात. मिशा असलेला माणूस हाफपँट घालून सहा वर्षांचा होतो आणि पाच मिनिटांत आपण ते विसरून जातो. बघायला ग्रिप्ससारखं दुसरं काही नाही, हे मी मान्य करते. पण माझं मत विचाराल तर वस्तीसाठी, कॉलनीसाठी जे काम मी म्हणतेय ते मुलं स्वतः उभी राहिल्याशिवाय होत नाही. शेजारच्याचा बंड्या स्टेजवर आहे म्हणून शेजारचा येतो. उत्तम नट आहे म्हणून येणारा प्रेक्षक वेगळा असतो, आणि तो बरेचदा चारचाकीतून येतो.

मतकरींनाही हे शेवटी शेवटी जास्त जाणवलं असावं, असा माझा अंदाज. कारण ज्यांनी राजवाडे आणि जंगलं रंगमंचावर आणली, त्यांनीच २०१४ मध्ये आमच्या ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना मांडली. समता विचार प्रसारक संस्थेने ती उचलून धरली. ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलामुलींनी आपल्याच वस्तीतल्या विषयांवर नाटिका लिहायच्या, बसवायच्या, करायच्या. त्याचा 'नाट्यजल्लोष' व्हायला लागला. मतकरी मे २०२० मध्ये कोरोनाने गेले. तेव्हा वयाची ऐंशी उलटली होती. इतकी वर्षं राक्षस आणि चेटकिणी लिहिलेला माणूस म्हातारपणी मुलांना म्हणतो की आता तुम्ही लिहा, मी बघतो. मला हे फार मोठं वाटतं.

आता ज्याचा मला राग येतो ते सांगते. एक म्हणजे 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'. हल्ली शिबिराच्या जाहिरातीत नाटक हा शब्द शेवटच्या ओळीत असतो. आधी व्यक्तिमत्त्व विकास, मग कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहावं, मग सिरियलमध्ये संधी. दहा दिवसांचे एवढे पैसे की त्यात आपलं एका सेमिस्टरचं मेसचं बिल निघावं. अशा शिबिरात इस्त्रीवाल्या काकांची मुलगी येऊच शकत नाही, आणि ती आली नाही की माझ्यासारखीला 'ळ' शिकवणार कोण? दुसरं म्हणजे स्पर्धेची नाटकं. सगळी नाही म्हणत मी, राज्य बालनाट्य स्पर्धेमुळे गावोगावच्या शाळा नाटक करतात हे खरं आहे. पण कितीतरी नाटकांत नऊ वर्षांचं पोर कंबरेवर हात ठेवून "हे मानवा, तू वृक्षतोड थांबव" असं म्हणतं. कुठलं पोर असं बोलतं हो? ते वाक्य सरांचं, टाळ्या पालकांच्या आणि ढाल शाळेच्या कपाटात. पोराच्या वाट्याला फक्त झाडाची पानं, तीही खाजणारी.

तर गेला मे.

परीक्षा संपल्या, हॉस्टेल ओस पडलं. मी एका सरांच्या प्रोजेक्टसाठी थांबले होते. अजून पाच जण असेच कशाकशासाठी थांबलेले. कोणी इंटर्नशिप, कोणी बॅकलॉग, एकाला घरी जायचं नव्हतं, कारण कुणी विचारलं नाही. नव्या इमारतीचं काम जोरात चालू होतं. तिथल्या कामगारांची मुलं दिवसभर वाळूच्या ढिगावर. मेसच्या मावशींची दोन नातवंडं मागच्या पायरीवर. सिक्युरिटीच्या एका काकांचा मुलगा सायकल घेऊन पार्किंगमध्ये गोल गोल. आणि स्टाफ क्वार्टर्समधली मुलं गॅलरीतून हे सगळं बघत. म्हणजे एका कंपाउंडमध्ये वीस-एक मुलं, चार ठिकाणी, एकमेकांपासून पन्नास पावलांवर. मला एकदम तो जिना आठवला.

आम्ही रीतसर अर्ज केला. छोटा सेमिनार हॉल, रोज दुपारी दोन तास, तीन आठवडे. उत्तर आलं की हॉल विद्यार्थ्यांच्या उपक्रमांसाठी आहे, ही बाहेरची मुलं आहेत, काही झालं तर जबाबदारी कोणाची. मी नावं घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. ज्यांनी नकार दिला त्यांनी नियमाप्रमाणेच दिला. फक्त 'बाहेरची मुलं' हा शब्द माझ्या डोक्यात अजून अडकलाय. जी मुलं रात्री या कंपाउंडच्या आत झोपतात ती बाहेरची, आणि मी ठाण्याहून येऊन आतली!

शेवटी मेसच्या मावशींनी प्रश्न सोडवला. "जेवणं आटपली की साडेचारपर्यंत इथं कोण असतंय? फक्त टेबलं पुसून ठेवा." झालं. छबिलदास नाही तर मेस.

पहिल्या दिवशी नऊ मुलं आली, चौथ्या दिवशी सतरा. आम्ही आपले शहाणे. एकाने इंटरनेटवरून पंचतंत्रातली गोष्ट काढून आणली होती. मुलांनी ती सिंह येईपर्यंत ऐकली आणि मग ते जेसीबीचं निघालं. या मुलांनी सिंह पाहिलेला नाही, जेसीबी रोज बघतात. गोष्ट अशी ठरली की जेसीबीला झोप लागते आणि तो काही केल्या उठत नाही. मुकादम येतो, साहेब येतात, मोठे साहेब येतात. कुणी हॉर्न वाजवतं, कुणी पगार कापीन म्हणतं. नंतर कळतं की जेसीबी झोपलेलाच नाही, सोंग करतोय. कारण उद्याचा खड्डा मुलांच्या क्रिकेटच्या पीचवर खणायचा आहे. हे शेवटचं आम्ही सुचवलेलं नाही, शपथ! ते निळी-काळी चप्पलवाल्याने सांगितलं. पुढे काय होतं यावर दोन दिवस भांडण झालं. क्वार्टर्समधल्या एका मुलीचं म्हणणं, साहेबांना पाझर फुटतो आणि पीच वाचतं. साईटवरची मुलं हसायला लागली. "तसं नसतं होत," त्यातला एक म्हणाला, "आमाला दुसऱ्या जागी जावं लागतं." शेवटी असं ठरलं की खड्डा होतो, पण जेसीबी आधी त्यांना एक मॅच पूर्ण खेळू देतो. मी एवढा समंजस शेवट लिहू शकले नसते.

आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्यांना (त्यात मीही) इथे जोर चढला. जेसीबीचा हात आम्ही पुठ्ठ्याचा केला आणि चार सिरिंज, सलाईनची नळी, रंगीत पाणी असं करून हायड्रॉलिक केला. पास्कलचा नियम प्रत्यक्षात! दोन रात्री जागलो. तालमीला नळी सुटली आणि पाणी मोठ्या साहेबांच्या अंगावर. मुलांनी पंधरा मिनिटं हसून घेतलं. मग एक पोरगा पुढे आला, हात कोपरात वाकवला, घर्रर्र आवाज काढला आणि बकेट उचलला. दोन जण त्याची चाकं झाले, एक जण केबिन. आम्ही गुपचूप नळ्या गुंडाळल्या.

एक मुलगी तिसऱ्या दिवसानंतर यायची थांबली. विचारलं तर धाकट्या भावाला सांभाळायचं होतं, आई कामावर. म्हटलं, त्याला घेऊन ये. आणला. दीड वर्षाचा. तो ठरलेल्या जागी कधीच रडला नाही, पण जिथे रडला तिथे मुलांनी ते नाटकात बसवलं. "ऐका, हॉर्न वाजला!"

क्वार्टर्समधून तीन मुलं येत होती, दुसऱ्या आठवड्यात दोन झाली. कारण मला माहीत आहे आणि ते मी आईवरून ओळखते. त्याबद्दल मला राग नाही. पण ज्या घरातली मुलं राहिली, त्या घरातले सर एका दुपारी स्वतः येऊन शेवटच्या टेबलावर बसले, पेपर तपासत. असे एक-दोन तास कुणी मोठं माणूस नुसतं बसलं तरी केवढा आधार होतो, ते त्या दिवशी कळलं. गोंगाटात त्यांनी किती मार्क वाढवले ते त्यांनाच ठाऊक.

प्रयोग रात्री आठला ठेवला, कारण साईटवरची माणसं सहाला सुटून, अंघोळ करून येणार होती. ती आली. बायका डोक्यावर पदर नीट करून, पुरुष धुतलेला शर्ट घालून, आधी दाराशीच उभे. "आत या" म्हटलं तरी कुणी खुर्चीवर बसेना. शेवटी मावशींनी दम दिला तेव्हा बसले. एकूण साठ-सत्तर माणसं असतील. सिक्युरिटीचे काका ड्युटीवर असल्यामुळे खिडकीतून बघत होते. नाटक बावीस मिनिटांचं होतं, ते पस्तीस मिनिटं चाललं, कारण मुकादम झालेल्या मुलाला टाळ्या मिळाल्यावर तो तेच तेच पुन्हा करायला लागला. खरा मुकादमही प्रेक्षकांत होता. तो हसत होता, थोडा उशिराने.

सगळं आवरताना मावशी म्हणाल्या, "तुमच्या प्रत्येक गॅदरिंगला मी मागच्या दाराशी उभी असते. भांडी घासायची असतात ना नंतर. बसून आज पहिल्यांदा बघितलं." त्या सहज म्हणाल्या, खरकटं गोळा करता करता. आम्ही सहाही जण एकदम टेबलं पुसायला लागलो.

आता फायदा काय झाला, असं कुणी विचारेल. इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आऊटपुट विचारणारच. प्रामाणिकपणे सांगते, कुणाचं आयुष्य बदललं नाही. साईटवरची बरीचशी कुटुंबं दिवाळीच्या आधी दुसऱ्या कामावर गेली. निळी-काळी चप्पलवाला कुठे आहे मला माहीत नाही. तो शाळेत जातो का, हेही नाही. ज्या मुलीला भाऊ सांभाळावा लागत होता तिला तो नाटकानंतरही सांभाळावाच लागला. नाटकाने हे सुटत नाही, आणि सुटतं असं सांगणाऱ्यांपासून जरा लांबच राहावं. पण क्वार्टर्समधली ती मुलगी आणि मावशींची नात आता रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळतात, नेट नसताना, दोन सायकली आडव्या लावून. आणि मी मेसमध्ये ताट घेऊन उभी राहते तेव्हा मला मावशींचं नाव माहीत असतं. दोन वर्षं नव्हतं.

म्हणून सर-मॅडम, मागणं एवढंच आहे. मे महिन्यात सेमिनार हॉल रिकामा असतो. दुपारी अडीच ते साडेचार तो द्या. लाईट-पंख्याचा खर्च म्हणाल तर आम्ही दोनच पंखे लावू. मला एक फिरणारा पंखाही पुरतो, सवय आहे. जबाबदारीचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. त्यासाठी रोज एक स्टाफ मेंबर शेवटच्या खुर्चीवर हवेत. पेपर तपासा, पेपर वाचा, झोपा काढा, चालेल. मुलांच्या घरच्यांची संमती आम्ही लेखी घेऊ. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तोंडी, तुमच्यासमोर. फक्त कृपा करून याला क्रेडिट्स देऊ नका. क्रेडिट्स दिले की ऐंशी मुलं नाव नोंदवतील, फोटो काढतील, रिपोर्ट सबमिट करतील आणि तालमीला तीनच उरतील.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्याकडेही थोडं. पुरुषोत्तमच्या वेळी आपण महिनाभर रात्री जागतो, एका एकांकिकेसाठी सबमिशन्स बुडवतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या एकांकिकांत गरीब माणूस फार असतो. झोपडी असते, कामगार असतो, त्याचा मळका बनियन आपण चहाच्या पाण्यात बुडवून तयार करतो. तो खरा माणूस मागच्या गेटपाशी राहतो आणि त्याच्या पोराला सुट्टीत काही उद्योग नसतो. मे महिन्यात जे थांबणार आहेत त्यांनी मला भेटा. अभिनय यायला हवा असं नाही. मला तर आजही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवता येत नाही. टेबलं पुसता आली पाहिजेत.

यंदाचा अर्ज जानेवारीतच दिलाय. आवक क्रमांकाचा शिक्का मिळालाय, उत्तर यायचंय. जेसीबीचा पुठ्ठ्याचा बकेट अजून मेसच्या फ्रीजवर आहे. मावशी त्यात लसूण ठेवतात. मेमध्ये लागला तर रिकामा करून देते म्हणाल्यात.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल